मुंगी मेली बघ

"मासीमा, बॉडी में कहाँ फील हो रहा है?"

आयुष्यात मला नाही नाही ते प्रश्न विचारले गेले आहेत. मला बघायला आलेल्या एका मुलाच्या आईने चष्म्याचा नंबर विचारला होता. कोलकात्यात नवीन असताना शेजारच्या बाईंनी, तुम्ही मासे खात नाही तर मग जगता कशावर, असं अगदी खऱ्या काळजीने विचारलं होतं. पण भीती अंगात नेमकी कुठे वाटते, असं विचारणारी ही पहिलीच. मी म्हणाले, "सब ठीक है." तर म्हणते, "अच्छा, ये ठीक कहाँ लग रहा है? पेट में? छाती में?" ठीक असण्यालाही पत्ता लागतो, हे मला साठीला टेकल्यावर कळलं.

ही माझी थेरपिस्ट. माझ्या मुलीच्या वयाची. हातमागाची साडी, कपाळावर रुपयाएवढी लाल टिकली आणि आवाज इतका मऊ, की समोरच्याला जेवण झाल्यासारखी गुंगी यावी. बालीगंजमधल्या एका जुन्या घराच्या तळमजल्यावर तिची खोली आहे. खोलीत कुंड्या, गाद्या, उशा, एक काचेचं बुटकं टेबल आणि त्यावर कागदी रुमालांचा खोका. खोका अशा बेताने ठेवलेला, की न रडता उठलो तर यजमानिणीचा अपमान केल्यासारखं वाटावं. तिची पद्धत शरीराची. झालेली गोष्ट नुसती बोलून मोकळं व्हायचं नाही. बसलेला धक्का अंगात कुठे दडून राहिलाय ते बघायचं, आणि तो सोडून द्यायला अंगालाच हळूहळू शिकवायचं. मी दर बुधवारी तिथे जायचे. घरी मुलीला सांगायचे, गुडघ्याच्या डॉक्टरकडे जाते.

गुडघे माझे ठणठणीत होते. बिघडले होते ते हात. मला माझ्या नातीला उचलता येत नव्हतं.

मुलीची सहा महिन्यांची रजा संपली की तिने न्यू टाउनच्या ऑफिसात रुजू व्हायचं आणि बाळ माझ्याकडे राहायचं, हे ती गरोदर असल्यापासून ठरलेलं होतं. ठरवलं मीच, आणि तेही मोठ्या ऐटीत. "आया कशाला? मी काय मेले?" असं जावयाला विचारून त्याचं तोंड बंद केलं होतं. आणि आता कणकेचा डबा, पाण्याची बादली, भरलेला कुकर, जगातलं सगळं मला उचलता येत होतं. फक्त ते चार-सहा किलोचं गाठोडं मांडीवर ठेवलं, की कोपरापासून खाली हात थरथरायला लागायचे आणि बोटांतलं बळ निघून जायचं.

याचं मूळ एका डब्यात आहे. बाळ जन्मलं त्याच्या तिसऱ्या दिवशी, मुलगी अजून नर्सिंग होममध्ये असताना, मी सकाळी उठून अळिवाचे लाडू केले. अळीव जावेने पुण्याहून पाठवले होते. नारळ इथला, आणि नारळाच्या बाबतीत या गावाला नावं ठेवायला जागा नाही. लाडू कडीच्या स्टीलच्या डब्यात भरले, डबा मांडीवर घेतला आणि शेअर ऑटोत डाव्या कडेला बसले. इथल्या ऑटो बससारख्या ठरलेल्या रस्त्याने जातात आणि माणसं कोंबून भरतात. चौकात एक मिनीबस वळली आणि वळता वळता आमच्यावर आली. ऑटो कलंडली, क्षणभर विचार केल्यासारखी दोनच चाकांवर थांबली आणि परत खाली आपटली. माझा डावा खांदा दांडीवर आदळला. दोन्ही हातांनी धरलेला डबा मांडीवरून गेला. कसा गेला ते मला आजही सांगता येत नाही. तो घरंगळत मिनीबसच्या मागच्या चाकाखाली गेला, तो मात्र मी पाहिला. चाक पुढे गेल्यावर रस्त्यावर स्टीलची एक चपटी पोळी होती आणि भोवती नारळ.

मग मी काय केलं, तर शेजारच्या बाईंच्या पिशवीतली परवरं, ती इथली तोंडल्यासारखी भाजी, रस्त्यावर पसरली होती, ती गोळा करून दिली. थरथरणाऱ्या ऑटोवाल्याला धीर दिला. दुसरी ऑटो पकडून नर्सिंग होममध्ये गेले आणि जाताना केस नीट केले.

"आई, लाडू?" मुलीने विचारलं.

"विसरले गं," मी म्हणाले.

आता हे का? तर बाळंतिणीला वाईट काही सांगायचं नाही. दूध आटतं. हे मला माझ्या आईने सांगितलं, सासूने सांगितलं, आणि केंद्र सरकारच्या हिशेब तपासणीच्या खात्यात उभा जन्म प्रत्येक गोष्टीला पुरावा मागण्यात घालवलेल्या माझ्या नवऱ्यानेही या एका बाबतीत पुरावा मागितला नाही. "तिला कळता कामा नये," ते म्हणाले, आणि मग इथल्या यच्चयावत मराठी मंडळींना फोन करून त्यांनी ते सांगितलं. प्रत्येक फोनचा शेवट एकच. "देवाची कृपा, खरचटलंसुद्धा नाही. काही झालं नाही." माणसं फळं घेऊन भेटायला आली. मुलगी आतल्या खोलीत बाळंतीण, आणि बाहेर कुजबुजत्या आवाजात एकेकाचा अपघात निघायचा. माझा सगळ्यात किरकोळ ठरला. एकांच्या मेहुण्याची तर गाडी दरीत लटकली होती. त्यापुढे डबाभर लाडू म्हणजे काय? मीच त्यांना पोहे करून घातले.

बारशाला पहिल्यांदा फजिती झाली. पाळण्याखालून आणि पाळण्यावरून बाळाला या हातातून त्या हातात द्यायचं असतं, आणि आजी तिथे हवीच. त्याआधी आपल्याकडे वरवंट्याला टोपडं घालून त्याला पाळण्यात फिरवतात. वरवंटा मी झकास धरला. इकडून घेतला, तिकडे दिला, ठरलेल्या ओळी खणखणीत म्हटल्या. मग बाळाची पाळी आली. हात सुरू झाले. मी "अगंबाई, दूध उतू गेलं वाटतं" म्हणत स्वयंपाकघरात पळाले. गॅसवर काहीही नव्हतं. ओट्याला टेकून उभी राहिले आणि बाहेर माझ्या जागी नागपूरहून आलेल्या विहीणबाई उभ्या राहिल्याचं ऐकत राहिले. दगड धरता येतो आणि नात धरता येत नाही, अशी आजी इतर कुणाच्या पाहण्यात असेल असं मला वाटत नाही.

इथे थट्टा बाजूला ठेवते. बाळ मांडीवर आलं की मला तो चपटा डबा दिसायचा. एवढंच. दर वेळी दिसायचा. दोन्ही हातांनी घट्ट धरलेली वस्तू गेली होती, मग या हातांचा भरवसा मी कशाच्या जोरावर धरायचा? हे मी नवऱ्यालाही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्यांनी व्हिटॅमिनची गोळी आणली असती.

ती त्यांनी तशीही आणली. मग आमचे म्हातारे फॅमिली डॉक्टर झाले. त्यांनी हात बघितले आणि गॅसची गोळी दिली. या शहरात माणसाचं हृदय फुटून बाहेर आलं तरी आधी गॅसची गोळी देतात. ती घेऊनही हात थांबेनात तेव्हा मान, नसा, रक्त सगळं तपासून झालं. सगळं उत्तम निघालं. शेवटी डॉक्टरांनी चष्मा काढून विचारलं, "काही घडलं होतं का?" मी म्हणाले, काही नाही. नवरा म्हणाला, तसं एकदा ऑटोत, पण खरचटलंसुद्धा नाही. डॉक्टरांनी बालीगंजचा पत्ता दिला.

तर अशी मी गाद्यांच्या खोलीत पोहोचले आणि माझ्या लक्षात आलं, की खरं काम बुधवारी नसतंच. बुधवारी मी शहाण्या विद्यार्थिनीसारखी बसायचे, विचारलं की सांगायचे, छातीत ऊब वाटते, पोटात हलकं वाटतं. स्कॉलरशिपच्या परीक्षेला बसलेल्या पिढीला कुठल्या उत्तराला मार्क मिळतात ते आपोआप कळतं. "वेरी गुड, मासीमा," ती म्हणायची, आणि माझ्या अंगावर मूठभर मांस चढायचं. पण उरलेले दिवस घरात काढायचे होते, ताकास तूर न लागू देता, आणि त्यासाठी तिने अभ्यास दिला होता.

पहिला अभ्यास: पाय जमिनीवर टेकवायचे आणि जमीन आपल्याला धरून आहे हे अनुभवायचं. आम्ही चौथ्या मजल्यावर राहतो. माझी जमीन म्हणजे तिसऱ्या मजल्यावरच्या चॅटर्जीबाबूंचं छत. माझ्या पायाखाली त्यांचा पंखा फिरत असतो. तरी मी टेकवले.

दुसरा: नजर सावकाश खोलीभर फिरवायची, म्हणजे इथे आत्ता धोका नाही हे मेंदूला कळतं. मी फिरवली. मेंदूला कळलं की कोपऱ्यात जळमटं आहेत. पुढचा अर्धा दिवस मी झाडू बांधलेली काठी घेऊन घर झाडून काढलं. थेरपिस्टने विचारलं, कसं वाटलं? मी म्हणाले, स्वच्छ.

तिसरा अभ्यास भलताच होता. पोटातून खोल, जाड आवाजात लांबलचक "वूऽऽ" म्हणायचं. त्याने आतल्या नसा सैल होतात म्हणे. आता बंद फ्लॅटमध्ये मुलगी, जागं बाळ आणि निवृत्त नवरा असताना बोटीच्या भोंग्यासारखा आवाज कुठे काढणार? पहिल्यांदा न्हाणीघरात काढला तर नवरा दार वाजवून म्हणाला, "अगं, पाइपात हवा धरलीय वाटतं, प्लंबरला बोलावू का?" शेवटी या शहरानेच सोय केली. तिन्हीसांजेला इथे घरोघर शंख वाजतो. एका फ्लॅटमधून सुरू झाला की खालीवर सगळीकडून येतो. मी त्या वेळेला बाल्कनीत तुळशीपाशी जायचे, आणि शेजारणींच्या शंखांच्या आड आपलं वू सोडून द्यायचे. समोरच्या बाल्कनीतल्या घोषबाई शंख खाली ठेवून मला हात जोडायच्या. त्यांना वाटायचं, मराठी लोकांचीही काहीतरी पूजा असणार.

आणि एक गोष्ट तिने न देता मला सापडली. कणीक मळताना हात थरथरत नाहीत. तळव्याखाली घट्ट, जड काहीतरी असलं, जोर लावता आला, की हात शहाण्यासारखे वागतात. थेरपिस्टला हे सांगितलं तर तिने गाद्यांवर उड्या माराव्यात इतका तिला आनंद झाला. म्हणाली, हाच तुमचा आधार, दोन सेशनच्या मधे हात सुटले की हेच करा. केलं. बाळ रडलं आणि मुलीने माझ्याकडे बघितलं, की मी कणकेचा डबा काढायचे. भाताच्या या मुलखात आमच्या घरी दोन्ही वेळा पोळ्यांचे ढीग पडायला लागले. नवऱ्याने खाल्ल्या, जावयाने बांधून नेल्या, उरलेल्यांचा कुस्करा आम्ही नाश्त्याला खाल्ला.  मुलगी बाळाला खांद्यावर टाकून स्वयंपाकघराच्या दारात उभी राहायची आणि माझ्या हातांकडे बघायची. कणकेत बुडलेले हात, एकदम स्थिर.

एका बुधवारी खोलीत शिरताना मी त्या काचेच्या टेबलावर आदळले. गुडघा असा सणकून लागला की डोळ्यांपुढे काजवे चमकले. आणि मी खाली वाकून काचेवरून हात फिरवत विचारलं, "टेबल को कुछ हुआ तो नहीं?"

ती माझ्याकडे बघत राहिली. "टेबल ठीक है," ती म्हणाली. "और घुटना?"

"कुछ नहीं, कुछ नहीं."

मग तिने विचारलं, लहानपणी पडलात की घरची माणसं काय करायची? मी हसत हसत सांगितलं. आपल्याकडे मूल पडलं की मोठी माणसं जमिनीला चापट्या मारतात आणि म्हणतात, काही नाही झालं, मुंगी मेली बघ! मूल रडायचं विसरतं आणि मुंगी शोधायला लागतं. मीही शोधायचे. मुंगी कधीच सापडायची नाही, पण तोवर रडणं निघून जायचं. किती छान युक्ती! हे सगळं मी मोडक्या हिंदीत, चापट्या मारून वगैरे, साग्रसंगीत करून दाखवलं. मला वाटलं ती हसेल.

ती हसली नाही. म्हणाली, "और चोट? वो कौन देखता था?"

मला भयंकर राग आला. काल आलेली मुलगी, आमच्या आईबापांच्या मायेला नावं ठेवते! त्यांनी प्रेमानेच केलं होतं सगळं. हे मी तिला ऐकवलंही. ती म्हणाली, प्रेमानेच केलं असणार. आणि गप्प बसली. ही गप्प बसण्याची कला यांना कुठे शिकवतात कुणास ठाऊक. त्या गप्पपणात मला एकदम परवरं आठवली. रस्त्याच्या मधोमध वाकून मी दुसऱ्या बाईची परवरं गोळा करत होते, डावा हात वर उचलत नव्हता, आणि मी एका हाताने गोळा करत होते. हे मी तोवर विसरून गेले होते.

मी खाली बसले आणि पहिल्यांदाच मार्कांचा विचार न करता बोलले. डबा, चाक, बाळ, सगळं.

तिने एक जाड उशी उभी धरली आणि माझे तळवे त्यावर ठेवायला सांगितले. म्हणाली, ढकला, पण जितकं सावकाश जमेल तितकं सावकाश. मी ढकलायला लागले आणि हात सुरू झाले. सवयीप्रमाणे मी ते मांडीखाली दाबायला निघाले. "रोकिए मत," ती म्हणाली. "हाथों को करने दीजिए. हाथ उस दिन क्या करना चाहते थे?"

"धरायचं होतं," मी म्हणाले. मराठीत म्हणाले हे माझ्या ध्यानातही आलं नाही. पण बंगालीतही धरणं म्हणजे धरणंच, त्यामुळे तिला कळलं. थरथर कोपरांवरून खांद्यापर्यंत गेली, दात वाजले, पाय थरथरले, आणि मग आपली आपणच ओसरली. शेवटी काय झालं असेल? रुमालांचा खोका समोर तयार होता आणि मला आली जांभई. घरच्या माणसांसमोर तोंडावर हात घेतल्याशिवाय देऊ नये अशी, मोठी.

"ये काँपना बंद कब होगा?" मी विचारलं.

"बंद होना ज़रूरी है?"

मनात म्हटलं, बाई, मी दुरुस्तीला आले होते. मिक्सर बिघडला म्हणून दुकानात न्यावा आणि दुकानदाराने विचारावं, चालू व्हायलाच हवा का?

निघताना तिने विचारलं, मुलीला माहीत आहे? मी म्हणाले, ती बाळंतीण आहे. ती म्हणाली, बाळ किती महिन्यांचं झालं? मी म्हणाले, होईल आता सहाचं.  घरी येऊन नवऱ्याला म्हटलं, सांगून टाकू या का? ते म्हणाले, "आता कशाला? इतक्या महिन्यांनी? काही झालं का त्यात?"

मी गप्प बसले आणि त्याच आठवड्यात त्याचं फळ मिळालं. रजा संपत आली होती. मुलगी फोनवर आयांच्या सेंटरशी बोलत होती. इथे आया पुरवणारी सेंटरं गल्लोगल्ली आहेत. फोन ठेवून ती माझ्यासमोर येऊन बसली. कोलकात्यात वाढलेली माझी मुलगी. तिच्या मराठीत बंगालीची चाल आहे, आणि ती रागावली की ती चाल जास्तच ऐकू येते.

"आई, तुला नको असेल तर तसं सांग ना. मी तर जबरदस्ती करणार नाही."

"काय नको?"

"ती." तिने बाळाकडे बोट केलं. "तू तर एकदाही तिला नीट घेतलं नाहीस. बाबा घेतात, सासूबाई आल्या तेव्हा त्यांनी घेतलं, खालच्या चॅटर्जीकाकी येऊन घेतात. तू पोळ्या करतेस. मला वाटलं होतं तुला आनंद होईल."

मला काय काय म्हणायचं होतं. माझे पाय जमिनीवर टेकलेले होते, नजर खोलीभर फिरत होती, अभ्यास सगळा पाठ होता. तोंडातून निघालं, "असं काही नाही गं." ती उठून आत गेली. इतकं वाईट मला त्या मिनीबसनेही वाटलं नव्हतं.

तिची आया सोमवारपासून येणार होती. शनिवारी सकाळी मुलगी आंघोळीला गेली. बाळ नुकतंच बसायला शिकलं होतं. दिवाणाजवळ चटईवर, भोवती उशांचा गराडा घालून तिला बसवलं होतं, आणि आजोबा शेजारी वर्तमानपत्र घेऊन राखणीला. मी अर्थातच कणीक मळत होते. बाळ उशीपलीकडच्या कशासाठी तरी झुकलं आणि आडवं झालं. दिवाणाच्या पायावर डोकं लागल्याचा आवाज मला ओट्यापाशी ऐकू आला.

मग ती शांतता. मुलांचं तोंड उघडतं, चेहरा लाल होतो आणि रडणं अजून वाटेत असतं, ती. आजोबांनी वर्तमानपत्र टाकलं आणि जमिनीवर फटाफट चापट्या मारायला सुरुवात केली. "काही नाही झालं! काही नाही झालं! मुंगी मेली बघ! कुठे गेली मुंगी?"

"मुंगीचं राहू द्या हो," मी ओरडले. "तिला लागलंय!"

कशी आले ते कळलं नाही. कणकेच्या हातांनीच मी तिला उचललं. हात लगेच सुरू झाले, कोपरापासून बोटांपर्यंत, नेहमीसारखे, तसूभरही कमी नाही. मला डबा दिसला. मी भिंतीला पाठ लावून खाली बसले, तळवे तिच्या पाठीवर आणि ढुंगणाखाली घट्ट दाबले, कणकेवर दाबते तसे, आणि हातांना म्हटलं, थरथरा मेल्यांनो, काय थरथरायचं ते थरथरा, पण सोडू नका. ते थरथरले. त्यांनी सोडलं नाही. "कुठे लागलं माझ्या सोन्याला? इथे? इथे लागलं?" मी तिच्या कपाळाला गाल लावून विचारत होते. ती जीव खाऊन रडली, आणि मी तिला रडू दिलं. मग हळूहळू ती थांबली आणि माझ्या तोंडाकडे बघायला लागली. मांडी, हात, सगळंच हलत होतं. तिला वाटलं असावं, आजी झुलवतेय. ती हसली.

दारात मुलगी उभी होती, ओल्या केसांना पंचा गुंडाळून. ती बाळाकडे बघत नव्हती. माझ्या हातांकडे बघत होती.

"आई, तुझे हात..."

"त्या दिवशी मी लाडू विसरले नव्हते गं," मी म्हणाले.

आणि सगळं सांगितलं. नवरा मधे एकदा "तसं काही झालं नव्हतं" म्हणाला, तिने त्यांच्याकडे नुसतं बघितलं. सांगून होईपर्यंत बाळाच्या झबल्यावर माझी सगळी कणीक वाळली होती आणि नात माझ्या बांगडीशी खेळायला लागली होती. मुलगी माझ्याजवळ जमिनीवर बसली. तिने बाळ माझ्याकडून घेतलं नाही. आपले हात माझ्या हातांखाली ठेवले आणि लहान मुलाला विचारतात तसं विचारलं, "तुला कुठे लागलं होतं?"

एवढ्या महिन्यांत आमच्या घरात हे मला कुणी विचारलं नव्हतं. मी गाऊनचा गळा बाजूला सारून डावा खांदा उघडा केला. तिथे आता बघण्यासारखं काहीच उरलेलं नव्हतं. तरी मी तिला दाखवला, आणि तिने नीट वाकून बघितला.